साहेबांची गाडी येते तिथवर

वादळावर रंगुबाईचा राग नव्हता. वादळ आलं, धिंगाणा घातला आणि गेलं. त्यानं कुणाला थांबा म्हणून सांगितलं नव्हतं, की उद्या नक्की येतो म्हणून थाप मारली नव्हती. तिचा राग होता माणसांवर, आणि त्यातही सगळ्यांत जास्त पोटच्या पोरावर, अर्जुनावर. तो तिनं लपवलाही नाही. लपवायची तिला सवयच नव्हती.

हनमळ्ळी म्हणजे कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेली धनगरांची चार घरं. जतच्या बाजाराला जाऊन यायचं तर अख्खा दिवस मोडतो. पाऊस झाला तर ज्वारी, नाहीतर मेंढरं. आणि पाऊस बहुतेक होत नाही, म्हणून मेंढरंच. उन्हाळ्यात टँकर येतो तो वस्तीच्या एकुलत्या एका विहिरीत रिकामा होतो, आणि बाया दोरीनं ते पाणी पुन्हा वर ओढतात. रंगुबाईनं लग्न होऊन आल्यापासून हेच केलं होतं. तिची सून माया लोणंदची, दारात नळ असलेल्या घरातली. पहिल्या वर्षी ती दोर ओढताना रडायची, मग तीही शिकली.

वैशाखातल्या एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि वारं असं सुटलं की उभ्या माणसाला पाऊल टाकता येईना. पाठोपाठ गारा, लिंबाएवढ्या. मेंढरं बांधाकडच्या पत्र्याच्या शेडात पळाली. पत्रे उडाले आणि विटांची भिंत आत कोसळली. मेंढरू भ्यालं की एकमेकांच्या अंगावर चढतं. भिंतीखाली मेली त्याहून जास्त तशीच चेंगरून मेली. वारं थांबलं तेव्हा चारही घरांचा निम्मा कळप आडवा पडला होता आणि विजेचे खांब रस्त्यावर झोपले होते. रंगुबाईची नात अपेक्षा, सहा वर्षांची, एका मेलेल्या कोकराचे पाय चोळत बसली होती, त्याला ऊब यावी म्हणून. मायानं तिला उचलून आत नेलं.

धनगराच्या घरी मेंढरू मेलं की हळहळत बसायला सवड नसते. कातरता येईल ती लोकर कातरायची, लांब माळावर खड्डा काढायचा आणि पुरायचं. रंगुबाईनं दुसऱ्या दिवशी दिवस उगवताच टिकाव खांद्यावर टाकला. तेवढ्यात सरपंच मानसिंग मोटारसायकलवरून आला.

मानसिंग पलीकडच्या मोठ्या गावात राहायचा. टँकर त्याचा, जेसीबी त्याचा, आणि तालुक्याच्या साहेबांपर्यंत पोचणारा शब्दही त्याचाच. त्यानं मेंढरांकडं बघून जीभ टाळ्याला लावत च् च् केलं. मग म्हणाला, "एक बी पुरायची न्हाई. पंचनामा हुईस्तंवर हात लावायचा न्हाई. मढं दिसलं न्हाई तर भरपाई न्हाई."

"मोबाइलवर फोटू काढल्यात की," अर्जुना म्हणाला.

"फोटू चालत न्हाईत. जाग्यावर येऊन बगत्यात. आन हे बग, साहेबांस्नी घरोघर हिंडायला येळ न्हाई. गाडी येती तिथवर आणून ठिवा समदी. म्हंजे एका झटक्यात काम हुतंय."

अर्जुनानं मान डोलावली. इस्लामपूरला एका ट्रकमालकाकडं तो दोन वर्षं कामाला होता, आणि तिथून साहेबाशी कसं बोलावं एवढं मात्र पक्कं शिकून आला होता. हात मागं बांधायचे, मान हलवायची, व्हय साहेब म्हणायचं. साहेब समोर नसला तरी त्याची मान हलायची.

आता गाडी येते कुठवर? खडकापर्यंत. खडकाच्या खाली ओढा, आणि ओढ्याच्या काठाला विहीर. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी चारही घरच्या माणसांनी मेंढरं पाय धरधरून ओढत नेली आणि खडकावर ओळीनं मांडली. रंगुबाईनंही ओढली. एकाच्याही तोंडून 'हितं नको' निघालं नाही. साहेब येणार म्हटल्यावर माणसांची अक्कल कुठं चरायला जाते कोण जाणे! पुढं हे आठवलं की रंगुबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ते तिला रोजच आठवायचं.

साहेब त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. बागाईतदारांच्या बेदाण्याच्या शेडा पडल्या होत्या, आधी त्यांचे पंचनामे चालू होते. द्राक्षवाल्यांच्या ओळखी असतात, त्यांचे फोन लागतात. मेंढरांचा नंबर शेवटी, हे काही कुणी कागदावर लिहून ठेवत नाही, पण तसंच होतं. मानसिंगाचा निरोप यायचा, "आज येतील." संध्याकाळी, "उद्या येतील." आणि खडकावरची मेंढरं वैशाखाच्या उन्हात फुगत चालली होती.

कुत्री आणि गिधाडं लागू नयेत म्हणून माणसांनी पाळ्या लावल्या. जिवंत मेंढरं राखणारी माणसं आता मेलेली राखत होती. तोंडाला फडकं बांधून, काठी घेऊन, माश्यांच्या घोंगाटात. रंगुबाईच्या पाळीला ती वाऱ्याच्या उलट्या अंगाला बसायची, तरी घरी आल्यावर तिच्या लुगड्याला तो वास असायचा. अपेक्षा जवळ यायची नाही. नाक दाबून लांबून म्हणायची, "आज्जे, आंघोळ कर."

"मी अपीला घिऊन लोणंदला जाती," माया एका सकाळी नवऱ्याला म्हणाली. "हे निस्तरू द्या, मग येती."

"पंचनामा हू दे, मग जा," अर्जुना म्हणाला. "पाळीला माणसं पुरंनात. आन साहेब आलं आन घरात माणसं न्हाईत म्हणलं तर?"

"जाऊ दे रं तिला," रंगुबाई म्हणाली. "साहेब काय माणसं मोजायला येतोय व्हय?"

"आये, तुला त्यातलं काय कळत न्हाई."

माया राहिली. तिनं पिशवी भरली होती ती तशीच खुंटीला अडकवून ठेवली.

रंगुबाईला कळत नव्हतं असं नाही. तिला दुसरा मार्ग दिसत होता. धनगराच्या प्रत्येक घराची खूण मेंढराच्या कानावर असते. कुणाची कानाच्या टोकाला चीर, कुणाचा कडेला काढलेला तुकडा, कुणाचं भोक. कोकरू महिन्याचं झालं की खूण करायची, म्हणजे हजार मेंढरांत मिसळलं तरी आपलं ओळखता येतं. ती खूण तीन पिढ्यांत बदललेली नसते आणि तिच्यावरून आजवर कुणाचं भांडण झालं नव्हतं. म्हणून मानसिंग पुढच्या वेळी आला तेव्हा तिनं त्याला खडकापाशीच गाठलं.

"सरपंच, कान कापून ठिवू. मिठात घालू, म्हंजे कुजायचं न्हाईत. कुणाची किती गेली ते कानावरनं कळतंय. बाकीचं पुरून टाकू. खाली हीर हाय."

मानसिंग हसला. "रंगुमावशी, कान म्हंजे मेंढी न्हवं. साहेब म्हणतील, जितीचं कापून आणलं."

"जितीचं?" रंगुबाईचा आवाज चढला. "आवं, मेंढराच्या कानाला चीर देताना आमी त्याच्या तोंडात गूळ घालतोय! जितीचा कान कोण कापंल?"

"तुमचं खरं हाय. पर साहेबाला काय ठावं?"

"मग ज्याला ठावं न्हाई त्याच्यासाठी आमी हितं कुजायचं?"

"आये!" अर्जुना मधे आला. त्याचा चेहरा लाजेनं लाल झाला होता. आई सरपंचाशी अशी बोलते याची लाज. "तू घरी जा. सरपंच, तिचं मनावर घिऊ नका. आमी थांबतोय."

त्याच दिवशी महेंद्र रस्त्यावर पडलेले खांब बाजूला करायला मानसिंगाचा जेसीबी घेऊन आला होता. महेंद्र मोठ्या गावातल्या बौद्धवस्तीतला. अर्जुना आणि तो एका बाकावर शिकलेले. मानसिंग गेल्यावर रंगुबाई मशीनपाशी गेली.

"महेंद्रा, माळावर एक खड्डा काढून दे बाबा. लोटून देऊ समदी."

महेंद्रनं खडकाकडं बघितलं आणि खाली विहिरीकडं. त्याला सांगायची गरजच पडली नाही. पण तो म्हणाला, "मावशी, मशीन मालकाचं हाय. त्यास्नी न इचारता दात लावला, तर उद्या चावी काढून घेतील. घरात मीच एकला मिळवता हाय."

तिनं त्याला शिवी दिली नाही, पण ओठावर आली होती. पाऊस पडून गेला की खड्डा काढून काय उपयोग, एवढंच ती म्हणाली आणि घरी गेली.

आणि पाऊस आलाच. संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि तासभर असा कोसळला की कोरड्या ओढ्याला पाणी आलं. खडकावरून लालकाळं पाणी घसरत ओढ्यात गेलं, ओढा फुगला आणि विहिरीच्या बुटक्या कठड्यावरून आत शिरला. सकाळी रंगुबाईनं घागर सोडायच्या आधी वाकून बघितलं. पाण्यावर फेस होता, आणि फेसात लोकर तरंगत होती.

टँकर बंद होता. वीजच नव्हती, तर टँकर भरायची मोटार कुठून चालणार? दुसरं पाणी ओढ्याचं, म्हणजे तेच. माणसांनी जमेल ते केलं. ग्रामपंचायतीतून पाणी शुद्ध करायची पावडर आणली, ती पोत्यात घट्ट होऊन दगड झालेली, फोडून टाकली. तुरटी फिरवली. रंगुबाईनं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं. पहिल्या दिवशी उकळलंही, पण सरपण भिजलेलं, गॅसची टाकी केव्हाच रिकामी झालेली. चुलीत फुंकून फुंकून तिचे डोळे सुजले, आणि दुसऱ्या दिवशी तिनं नुसतं गाळून माठ भरला. तहान काही पंचनाम्याची वाट बघत नाही. प्यायली सगळी. तीही प्यायली आणि आपल्या हातानं तिनं अपेक्षालाही पाजलं.

आधी शेजारची म्हातारी सुलाबाई पडली. मग एकेका घरात एकेक माणूस हातात तांब्या घेऊन बांधाकडं पळायला लागलं. माया पडली. आणि मग पहाटे अपेक्षा उठून बसली, म्हणाली पोटात कसंतरी होतंय, आणि अंथरुणातच तिला झाली. भाताच्या पेजेसारखं नुसतं पाणी. वरून ओकारी. ऊन वर येईतो पोरीचे डोळे आत गेले होते आणि गालाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

अर्जुना टेकाडावर धावला. तिथं रेंज यायची. धापा टाकत परत आला आणि म्हणाला, "ॲम्बुलन्स निघालीया. थांबा म्हणालेत."

"थांबायचं न्हाई," रंगुबाई म्हणाली. "गाडी काढ."

"आये, मोटारसायकलवर कशी न्हेणार? त्यात सलाईन आसतंय, डॉक्टर आसतोय. ते म्हणालेत हलवू नका, आमी येतो."

"अर्जुना, गाडी काढ!"

"ते म्हणालेत थांबा!"

तो ओरडून बोलला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माणूस घाबरला की जे शिकलेलं असतं तेच करतो, आणि अर्जुना थांबायला शिकला होता. माया आत अंथरुणावरून उठायचा प्रयत्न करत होती आणि परत पडत होती. रंगुबाई मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत राहिली. पोरगी ते बाहेर टाकत राहिली. सूर्य डोक्यावर आला. अर्जुना पुन्हा टेकाडावर गेला. परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. वाटेत झाड आडवं पडलं होतं, ॲम्बुलन्स मागं फिरून दुसऱ्या वाटेनं येणार होती. किती वेळ लागेल ते कुणी सांगत नव्हतं.

तेव्हा कुठं त्यानं मोटारसायकल काढली. रंगुबाई मागं बसली, अपेक्षा तिच्या मांडीवर, घोंगड्यात गुंडाळलेली. रस्ता कसला, खडी उखडलेली. एका हातानं नात आणि दुसऱ्यानं पोराचा खांदा धरून रंगुबाई बसली होती. अपेक्षाचं अंग गार पडत होतं.

"आज्जे, पाणी."

रंगुबाईच्या कमरेला प्लॅस्टिकची बाटली होती. तिच्यात साखर-मिठाचं पाणी होतं, पण ते पाणी त्याच विहिरीचं. द्यावं तर तेच विष, न द्यावं तर पोरीच्या जिभेला कोरड. साऱ्या मुलखात त्या घडीला तिच्याजवळ दुसरं पाणी नव्हतं. तिनं झाकण उघडलं आणि दोन घोट दिले. रंगुबाईनं आयुष्यात पुष्कळ वाईट दिवस बघितले होते, नवरा गेला तो दिवसही, पण ते झाकण उघडताना तिचा जो संताप झाला तसा कधी झाला नव्हता. कुणाच्या तरी गळ्याला धरावं असं वाटत होतं, आणि हातात फक्त बाटली होती.

आडव्या पडलेल्या झाडापाशी अर्जुनानं गाडी थांबवली. पोरगी उचलून पलीकडं न्यायची म्हणून तो वळला. रंगुबाईनं पोरीच्या तोंडावरचं घोंगडं बाजूला केलं आणि ते परत ओढून घेतलं.

"चल मागं," ती म्हणाली.

लहान लेकरू गेलं की त्यांच्यात जाळत नाहीत. दिवस मावळायच्या आत शेताच्या कोपऱ्यात पुरतात, डोक्याशी दगड ठेवतात. ॲम्बुलन्स तोवरही आली नव्हती. अर्जुनानं खड्डा काढला. माया वस्तीतल्या दोघींच्या आधारानं येऊन उभी राहिली. रंगुबाई अर्जुनाशी बोलली नाही. त्यानं दोनदा "आये" म्हणून हाक मारली, ती तिनं ऐकून न ऐकल्यासारखी केली.

सकाळी ती विळा आणि मिठाचा डबा घेऊन खडकावर गेली. पदर तोंडाला बांधला आणि एकेका मेंढराचा कान कापायला लागली. आता ते काम कठीण झालं होतं; कातडी हाताला लागत नव्हती, नुसती सुटत होती. तरी तिनं सोडलं नाही. पाळीवरच्या माणसांनी तिला अडवलं नाही. कोण अडवणार होतं? तिच्या तोंडाकडं बघायची कुणाची छाती नव्हती.

थोड्या वेळानं जेसीबीचा आवाज आला. महेंद्र आला होता. त्यानं तिला काही विचारलं नाही. ओढ्यापासून दूर माळावर मशीन नेलं आणि खोल खड्डा काढायला लागला. मग खडकावर येऊन मशीनच्या तोंडानं मेंढरं उचलून उचलून नेऊ लागला. रंगुबाई खाली उतरून मशीनच्या दारापाशी गेली आणि म्हणाली, "चावी काढून घेतील की रं."

"घिऊ द्यात," महेंद्र म्हणाला. "मी तवाच काडाया पायजे हुता."

मग मानसिंग आला, ओरडतच. मशीन कुणाच्या परवानगीनं आणलं, डिझेल कुणाच्या बापाचं, चारही घरांच्या भरपाईवर या बाईनं पाणी सोडलं. महेंद्रनं मशीन बंद केलं नाही, त्यामुळं मानसिंगाचं अर्धं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही. तो तणतणत टेकाडावर गेला आणि फोन लावला.

आणि बघा गंमत. इतके दिवस ज्या साहेबांना सवड नव्हती, ते दुपारी हजर झाले. मेंढरं मेली तेव्हा आले नाहीत, माणसं आजारी पडली तेव्हा आले नाहीत. विनापरवाना पुरली म्हटल्यावर आले. त्यांच्या पाठोपाठ सांगलीहून औषधाचं पथकही आलं, आणि त्यातली डॉक्टरीणबाई मात्र कुणाशी न बोलता सरळ सुलाबाईच्या झोपडीत शिरली आणि सलाईन लावायला लागली.

साहेब तरुण होते. तोंडाला मास्क, डोळे झोप नसल्यासारखे लाल. माणूस वाईट नव्हता, आणि तेच जास्त चीड आणणारं होतं. वाईट असता तर रंगुबाईनं विळा तरी उगारला असता. त्यांनी खड्ड्याकडं बघितलं, मीठ लावलेल्या कानांच्या ढिगाकडं बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "हे असं करायला नको होतं. आता मी काय लिहू? कानांवरून पंचनामा होत नाही."

"मी हेच सांगत हुतो साहेब," मानसिंग म्हणाला.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. "आणि साथीचं काय? मृत्यू नाही ना कुणी? आम्ही वर निरंक कळवलंय."

"न्हाई साहेब," मानसिंग म्हणाला.

"हाय," रंगुबाई म्हणाली. "माझी नात."

मानसिंगानं मान खाली घातली. साहेबांनी वहीतून डोकं वर केलं. "कुठल्या दवाखान्यात?"

"दवाखान्यापतोर पोचलीच न्हाई. वाटंत गेली."

"मग..." त्यांनी पेन बोटांत फिरवलं. "हे बघा आजी, मला वाईट वाटतंय. खरंच. पण ती या साथीनंच गेली हे कशावरून ठरवायचं? डॉक्टरनं बघितलं नाही, शवविच्छेदन नाही. आणि तुम्ही अंत्यविधी करून मोकळे झालात. आम्हाला कळवायचं होतं. कुणी येईपर्यंत थांबायचं होतं."

अर्जुना मागं उभा होता. दोन्ही हात पाठीशी बांधलेले, मान खाली, साहेबासमोर उभं राहायची त्याची नेहमीची रीत. रंगुबाई बोलायला तोंड उघडणार तोच तिला त्याचा आवाज ऐकू आला, आणि तो तिला आधी ओळखूच आला नाही.

"थांबायचं हुतं?"

त्याचे हात सुटले होते. तो पुढं आला आणि साहेबांच्या अगदी समोर उभा राहिला.

"थांबलो की साहेब. मेंढरं घिऊन थांबलो. बायकू म्हायेराला जाती म्हणली, तिला थांबवली. पोरगी माझ्यासमोर वाळत हुती, तरी तुमची ॲम्बुलन्स येती म्हणून थांबलो. आता तिला पुरली ती तेवढी चूक झाली म्हणताय. तिलाबी ठिवायची हुती व्हय खडकावर? मेंढरांच्या वळीत? तुमची गाडी यीस्तंवर?"

मानसिंग खालीच बघत होता. माळावर महेंद्रनं मशीन बंद केलं.

रंगुबाईनं पोराकडं बघितलं. तिचा त्याच्यावरचा राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता, कदाचित मरेपर्यंत जाणार नव्हता. तिच्या मनात आलं, हेच तू चार दिस आधी बोलला असतास. पण ते ती बोलली नाही. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि घराच्या दारातून हे बघणारी माया काठी टेकत टेकत येऊन दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

"तिचं नाव अपेक्षा," रंगुबाई साहेबांना म्हणाली. "लिवा. कशानं गेली तेबी लिवा. हीर ही काय, खालीच हाय."

साहेबांनी मास्क खाली केला. पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. तिघंही त्या पेनाकडं बघत उभी राहिली.